डाव्या हाताची बदनामी

लंडनच्या क्लायंटशी कॉल लागला की कुणीतरी वैतागतंच: "लेफ्ट हँड डझन्ट नो व्हॉट द राइट हँड इज डूइंग!" म्हणजे काय, तर यांच्या दोन डिपार्टमेंट्सचं आपसात बोलणं नाही. मूळ वाक्य बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं, येशूच्या तोंडचं: दानधर्म करशील तेव्हा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. गुप्तदानाची शिकवण ऑफिसातला टोमणा झाली, कमाल आहे! त्याच्या लगेच आधीचं वचन तर माझं लाडकं: दान देताना पुढे कर्णा वाजवू नकोस. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट', म्हणजे स्वतःची टिमकी स्वतःच वाजवणं, याचा धागा पुष्कळ जण तिथेच जोडतात. आमच्या देवळात पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं. पंखा फिरेपर्यंतच कर्णा, मग आपोआप गुप्तदान.