सातारा-सांगली रस्त्यावरची खरेदी: पेढे परतीला घ्या

पुण्याहून सांगलीकडे निघालेली मंडळी जातानाच साताऱ्यात पेढे घेतात आणि पुढचे दोन दिवस ते गाडीत घेऊन हिंडतात. इथेच चुकतं. कंदी पेढ्याचा खवा खरपूस भाजलेला असतो, साखर बेताची. पाणी कमी राहिल्याने तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा टिकतो खरा, पण एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत तूप सुटतं आणि लवकरच खवट वास येतो. म्हणून जाताना चव बघा, खोकी परतताना बांधून घ्या.

वाढे फाट्याला वळून पोवई नाक्यावरून मोती चौक गाठता येतो. चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही, अलीकडेच लावून चालत जा. पेढा दोन बोटांत दाबून बघा. ताजा दबतो, कडेला चिरा पडतात, रवाळ तुटतो. गुळगुळीत, मेणासारखा लागला तर खवा कमी भाजलाय. आतला रंगही बाहेरच्याइतकाच तपकिरी हवा.

साताऱ्यात वाघ्या घेवडाही घ्या. कोरेगावचा हा घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे असतात. दाणा काळपटला असेल तर माल जुना. तो आठ तास भिजवून, कुकरच्या पाच शिट्ट्या करूनही कचकच लागतो. दोष कुकरचा नसतो.

सांगलीत गणपती पेठ. भडंगाची पाकिटं हायवेवरच्या दुकानांतही मिळतात, पण इथून नुसते चुरमुरे न्यावेत आणि भडंग घरी करावं. पाव किलो चुरमुऱ्यांना दीडशे ग्रॅम शेंगदाणे, अर्धी वाटी तेल, सालासकट ठेचलेला एक गड्डा लसूण, मूठभर कढीपत्ता, दोन मोठे चमचे मेतकूट, तेवढंच तिखट, एक चमचा पिठीसाखर, मीठ. शेंगदाणे आधी तळून काढा, मग मंद आचेवर लसूण पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. त्यात ओल राहिली की दुसऱ्या दिवशी सगळं भडंग सादळतं. गॅस बंद करून दोन मिनिटांनी तिखट-मेतकूट घाला, नाहीतर तिखट जळून कडवट होतं. चुरमुरे सगळ्यात शेवटी.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्यावीत. चांगलं हळकुंड मोडताना खणकन आवाज येतो आणि आत गर्द केशरी-पिवळा रंग दिसतो. लवलं तर नीट वाळलेलं नाही, दळताना जात्याला चिकटतं. तळहातावर चोळून भडक पिवळा डाग पडला तर वरून रंग चढवला असण्याची शक्यता धरा. आणि हळद चुरमुऱ्यांच्या पिशवीशेजारी ठेवू नका, वास लागतो.

बेदाण्याचे सौदे तासगाव आणि सांगलीत होतात, पण ते व्यापाऱ्यांसाठी. आपल्याला किरकोळ दुकान बरं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून फार स्वस्त दिसला की काड्या आणि बारीक माल किती आहे ते बघा. एकसारखा हिरवागार रंग बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो. नाकाला झोंबणारा वास आला तर तो सोडा, किंचित तपकिरी घ्या. मार्च-एप्रिलनंतरचा माल कोल्ड स्टोरेजमधून येतो. गार बेदाणा तापलेल्या गाडीत ठेवला की त्याला घाम फुटतो आणि घरी पोचेपर्यंत एकच गोळा होतो. दुकानातच तासभर बाहेर काढून ठेवायला सांगा, मग पिशवीत भरा. तेवढ्या वेळात हळद आणि चुरमुरे उरकतात.