सारसबागेचं तळं

सारसबागेच्या हिरवळीवर पाय पसरून बसलेला पुणेकर खरं तर तळ्यात बसलेला असतो. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं आणि मधोमध एक बेट राखलं. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली गणपती बसला. आज देवळाकडे जाताना आपण चढ चढतो ना, तो त्या बेटाचाच. आजूबाजूचं पाणी विसाव्या शतकात गेलं आणि तळाची बाग झाली. कमळांच्या हौदांपुरतं तेवढं पाणी उरलं. तरी जुनी मंडळी अजून ‘तळ्यातल्या गणपतीला जाऊन येतो’ म्हणूनच घराबाहेर पडतात.

पेशवे म्हणे खलबतं करायला नावेतून तळ्यात जात आणि नावाडी मुद्दाम मराठी न कळणारे ठेवत. खरं-खोटं गणपती जाणे. पण पुण्यात चार कानांची गोष्ट सहाव्या कानी जाऊ द्यायची नसेल तर पाण्यात शिरण्यावाचून गत्यंतर नाही, एवढं मला पटतं.

गणपतीची मूर्ती लहानशी, पांढरीशुभ्र. थंडी पडली की तिला लोकरी स्वेटर आणि कानटोपी चढवतात. सोवळ्या-ओवळ्याच्या या शहरात देवाच्या कानाला वारा लागेल याची काळजी करणारं कुणीतरी आहे, हे मला फार आवडतं. दर्शनाच्या रांगेत एखादी आजी स्वेटरची वीण निरखत असते, नमस्कार नंतर.

शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ साली ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. तिथले वाघ-सिंह पुढे कात्रजला गेले, बागेत नुसती झाडं आणि खेळणी राहिली. प्राण्यांच्या दृष्टीनं झालं ते बरंच झालं. त्या पिंजऱ्यांत जागा ती किती! पण अजूनही पन्नाशीचा माणूस नातेवाइकांना बाग दाखवताना ‘इथं वाघ होता’ असं सांगतो, जणू वाघ त्याच्या घरचा होता.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे मात्र मी तिकडे फिरकत नाही. नव्या कपड्यांतली तरुणाई एवढी लोटते की गणपती कुठं आणि सेल्फी कुठं, पत्ता लागत नाही. आपण आपलं एखाद्या साध्या मंगळवारी... नको, मंगळवारीही रांग असते. बुधवारी जावं. बाहेरच्या गाड्यांवर ‘या ताई, बसा ताई’ चा गजर सुरू असतो. भेळ तिखट सांगावी आणि कैरीचा हंगाम असेल तर ती वरून जास्त मागून घ्यावी.