सतरा मिलिमीटर

गुरुवार, रात्री साडेअकरा

कराडच्या दवाखान्यातून परत येत होतो, मी आणि बाबा. कासेगाव मागं पडलं आणि पुढं डंपर आला, खडीची शीग भरलेला, वर ताडपत्रीचा पत्ता नाही. रुंदीकरणाच्या कामामुळं तिथं सगळ्या गाड्या एकाच पट्टीत येतात, त्यामुळं त्याच्या मागं राहण्यावाचून इलाज नव्हता. अंतर ठेवलं होतं. तरीही खडा आलाच. ‘टण्’ असा एकच आवाज झाला आणि बाबांच्या समोरच्या काचेवर तारा उमटला.

माझा पाय ब्रेकवर जाणार तोच बाबा म्हणाले, “ब्रेक नको. आरशात बघ आधी. हळूहळू डावीकडं घे.” एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. शहात्तराव्या वर्षीही शेजारच्या सीटवर बसले की नजर रस्त्यावरच असते.

पेट्रोल पंपावर थांबलो. मी बाहेरून वाकून बघत होते, तर बाबांनी आतल्या बाजूनं काचेवर नख फिरवलं. “आतनं गुळगुळीत हाय. वरचीच गेलीया.” मग पंपाच्या ऑफिसातून पारदर्शक चिकटपट्टी मागून आणली आणि मला खळग्यावर लावायला सांगितली. “माती आणि पाणी आत गेलं की मग कुणाच्या हातात काय ऱ्हात न्हाई.” येताना एसीही मोठा करू दिला नाही. बाहेरून तापलेल्या काचेवर आतून गार झोत सोडला की चीर पळते, हे त्यांना एसी गाडी कधीही न चालवता ठाऊक आहे. दारंसुद्धा हळू लावायला लावली.

घरी आल्यावर चिकटपट्टीवरूनच व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचेही भाग मोजणारी पट्टी, लावला. मधला खळगा तीन मिलिमीटर, भोवती गोल सावली, तिच्यातून निघालेले चार पाय. सगळ्यात लांब पायासकट पसारा १७ मिलिमीटर. पाच रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं असतं, त्याखाली सगळं झाकलं गेलं. डाव्या कडेपासून ३१ सेंटिमीटर, खालून २२. दाताला चीर गेली आहे का हे बघायला आम्ही दातांचे डॉक्टर बाजूनं प्रकाश टाकतो. चीर असली की उजेड तिथंच अडतो. तीच बारीक टॉर्च काचेला तिरपी लावून बघितली. चार पायांतले तीन आखूड. चौथा कडेच्या दिशेनं निघालाय, पण मध्येच थांबलाय.


शुक्रवार

दुपारी दोन पेशंटच्या मधे वर्कशॉपला फोटो पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं: काच बदलावी लागेल. एस्टिमेट १,६२,००० रुपये. त्यात काच, चिकटवायचं युरेथेन, कडेच्या पट्ट्या, मजुरी आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. काच यायला आठ-दहा दिवस.

एवढे पैसे कशाचे, हे मी विचारलं आणि त्या मुलानं नीट समजावून सांगितलं. ही गाडी २०१८ ची व्होल्वो एक्ससी६०. हिच्या काचेवर वेगाचा आकडा दिसतो. साध्या काचेत आकडा दुहेरी दिसेल, कारण बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागावरून दोन प्रतिबिंबं येतात. ती एकावर एक बसावीत म्हणून दोन काचांमधला प्लॅस्टिकचा पडदा पाचरीसारखा केलेला असतो, वर किंचित जाड, खाली पातळ. आरशामागं लेन ओळखणारा कॅमेरा आहे, तोही काचेतूनच बघतो. नवी काच बसली की त्याला सरळ रेषा कुठली हे पुन्हा शिकवावं लागतं.

मी विचारलं, “रिपेअर नाही होणार?” तो म्हणाला, “होईल मॅडम बाहेर कुठं, पण पुढं चीर सरकली तर जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही.” त्याचंही बरोबर आहे. खात्री मागणाऱ्याला नवीच वस्तू द्यावी लागते.

संध्याकाळी विम्याचं घेऊन बसले. नवरा म्हणतो, “इन्शुरन्स आहे, मग विचार कसला करतेस? पंचावन्न लाखांची गाडी घेतली आणि काचेला ठिगळ लावणार?” त्याचा हिशोब वरवर पाहता खरा आहे. रबर-प्लॅस्टिकच्या पार्टला विमा निम्मा घसारा कापतो, काचेला अजिबात कापत नाही. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक क्लेममागं २,००० रुपये आपण भरायचे. म्हणजे दोन-अडीच हजारांत दीड लाखाची काच.

पण पाच वर्षांत एकही क्लेम केलेला नाही, म्हणून मला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, आणि मग २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा चढायचं. माझ्या पॉलिसीत यंदा ती सूट १८,५०० रुपयांची होती. पुढच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं जाणारी रक्कम मांडली तर काच काही दोन हजारांत पडत नाही.

शिवाय किरकोळ त्रास. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढला की फाटतो, नवा घ्यावा लागणार. गेल्या वर्षी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबरोबर मिळालेला डिझेलचा केशरी स्टिकरही काचेलाच चिकटवलाय, तो काढला की निकामी होतो. ही काही निर्णय फिरवणारी कारणं नव्हेत. पण काच बदलायची म्हटलं की हेही करावं लागतं आणि एस्टिमेटात ते कुणी लिहीत नाही.


शनिवार, उशिरा

जेवताना बाबांनी खंबाटकीची गोष्ट सांगितली. मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, आज सलग ऐकली. कोल्हापूर-मुंबई रातराणी, डिसेंबर महिना. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून दगड आला आणि अख्खी काच एका क्षणात दुधासारखी पांढरी झाली. “फुटली न्हाई बघ. उभीच ऱ्हायली. पण पलीकडचं काय दिसंना. घाटात, रात्री.” त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला, बुक्कीनं काचेला भोक पाडलं आणि त्या भोकातून बघत गाडी कडेला घेतली. काचेचे दाणे त्यांच्या मांडीवर, पुढच्या बाकावरच्या बाईच्या ओच्यात. मग उरलेली काच पाडून टाकली आणि कानटोपी घालून, समोरून वारं खात, गाडी सातारा डेपोला आणली. भुवईवरचा व्रण त्याच रात्रीचा. लहानपणी विचारलं तर “खेळताना लागलं” म्हणायचे.

ती टफन्ड काच होती. गाडीच्या बाजूच्या खिडक्यांना आजही तीच असते. फुटली की दाणेदाणे होतात. समोरची काच मात्र आता दोन काचांचं सँडविच असते, मधे पॉलिव्हिनिल ब्युटिरलचा पडदा. दगड बसला तर वरची काच तडकते, पडदा तुकडे धरून ठेवतो, आतली काच शाबूत राहते, समोरचं दिसत राहतं. या कल्पनेचं मूळ १९०३ मधलं. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचा चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण त्यात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा थर आतून वाळून बसला होता. व्होल्वोनं १९४४ मध्ये पीव्ही४४४ या छोट्या गाडीलाही अशी जोडकाच दिली. बाबांच्या एसटीला ती का नव्हती, हे विचारून आता काय उपयोग. पण खंबाटकीतल्या त्या भोकाचं चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

यावरून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. काच हा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. ती कारखान्यात युरेथेननं पत्र्याला चिकटवलेली असते आणि छपराला आधार देते. डावीकडची एअरबॅग उघडते ती वर काचेवर आपटून मग माणसाकडं वळते, म्हणजे काच जागची हलता कामा नये. त्या सीटवर बाबा बसतात. बदलायची तर तारेनं जुना गोंद कापायचा, चौकटीच्या रंगाला ओरखडा गेला तर त्यावर प्रायमर लावायचा, नाहीतर तिथं गंज धरतो. मग नवं युरेथेन, आणि ते पुरतं धरेपर्यंत गाडी हलवायची नाही. हे सगळं चांगल्या हातांनी चांगलं होतं, मला शंका नाही. पण ओरखड्यावर प्रायमर लावला की नाही, हे काच बसल्यावर मला कोण दाखवणार? आज जी पकड आहे ती आठ वर्षं जागची हललेली नाही. सतरा मिलिमीटरसाठी ती कापायची, याला माझं मन तयार होत नाही.

पेशंटलाही मी हेच सांगते. दात वाचण्यासारखा असेल तर वाचवू. इम्प्लांट चांगला असतो, मीही बसवते, पण मुळाभोवतीचा तो तंतूंचा बंध पुन्हा मिळत नाही.


रविवार

मन वळलंय म्हणून उलट बाजूही मुद्दाम तपासली. खडा माझ्या समोर बसला असता तर? तर बदललीच असती. भरलेल्या जागेवर थोडा डाग राहतोच, आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यावर फुटतो. इंग्लंडात लेस्टरला असलेल्या वर्गमैत्रिणीला विचारलं, तिथं गाडीच्या वार्षिक तपासणीत याचं माप ठरलेलं आहे. स्टिअरिंगच्या मध्यावर धरलेल्या २९ सेंटिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरच्या वर इजा चालत नाही. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० पर्यंत चालते. माझी इजा त्या पट्ट्याच्या बाहेर आहे. कडेपर्यंत पोचलेली नाही. आतली काच आणि पडदा शाबूत. कॅमेऱ्याच्या समोर नाही. वेगाचा आकडा दिसतो तिथं नाही.

दुपारी वळीव पडला. गाडी शेडमध्ये होती तरी दोनदा जाऊन टेप बघून आले. नवऱ्याला आकडे दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “चीर सरकली तर मात्र लगेच बदलायची. तेव्हा वाद नको.” कबूल केलं.


सोमवार

उद्यमनगरात गेले. बाबा सोबत. काचेचं काम करणारा पोरगा पंचविशीचा असेल. आधी टेप कुणी लावली ते विचारलं. बाबांकडं बोट दाखवल्यावर म्हणाला, “बरं केलंत काका, कोरडं राहिलंय.”

पुढचा पाऊण तास मी त्याच्या मागं उभी होते. सुईनं खळग्यातली काचेची भुकटी काढली. तीन पायांचा, चोषकानं काचेला धरणारा स्टँड बसवला, मधे पितळी नळी, तिच्यात रेझिनचे, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या पातळ द्रवाचे, दोन थेंब. आधी पिस्टन ओढून चिरेतली हवा काढायची, मग दाबून रेझिन आत ढकलायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा दाबायचं. तारा चांदीसारखा चमकतो तो आतल्या हवेमुळं. रेझिन जसजसं शिरत गेलं तसतसे पाय एकेक करून विझत गेले. काचेतून आणि रेझिनमधून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, म्हणून नजरेला फट सापडत नाही. चौथा पाय शेवटपर्यंत चमकत राहिला. त्यानं घाई केली नाही. काच आतून हलकेच दाबली, नळी पुन्हा ओढली, आणि टोकाचा तो केसाएवढा बुडबुडा निघाला. माझा श्वास तेव्हा सुटला. भरलेल्या दाताखाली राहिलेल्या बुडबुड्यानं मी स्वतः किती रात्री जागवल्यात.

मग यूव्ही दिवा. माझ्या दवाखान्यातला दिवा निळा असतो, पण काम एकच, पातळ रेझिनचं घट्ट करायचं. सत्तरच्या दशकात दातांचं रेझिनही यूव्हीनंच घट्ट करत. वर पक्कं रेझिन, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, पुन्हा दिवा, मग ब्लेड उभं धरून जादाचं खरवडलं आणि पॉलिश केलं.

“डाग पुसणार नाही ताई,” तो म्हणाला, “थांबणार मात्र.” १,८०० रुपये घेतले. बाबांनी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मी पर्समधला प्रोब, दात तपासायची टोकदार सळई, काढून जागेवरून फिरवला. टोक कुठंही अडकलं नाही.


गुरुवार, रात्री

कराडला जाताना पाऊस होता. वायपर त्या जागेवरून शंभरदा गेला असेल, आवाज नाही. परतताना उघडलं. किणी नाक्याच्या अलीकडं उजवीकडून उतरतं ऊन आलं आणि काचेत तांदळाच्या कणीएवढा ठिपका उजळला. बाबांनी आतून त्यावर बोट ठेवलं.

“हाय की अजून.”

“राहणारच बाबा.”

“ते न्हाई. सरकलंय का, ते बघ घरी गेल्यावर.”

घरी आल्यावर आधी शेडमध्ये गेले. टॉर्च तिरपी धरली, चौथ्या पायाचं टोक शोधलं, व्हर्नियर लावला. सतरा.