पाटणादेवीला जाणारी पीजे

चाळीसगाव, रविवार, रात्री साडेदहा

भाचा पुण्याहून आला तो थेट माडीवरच. टेबलावरची माझी मॉडेल रेल्वेगाडी बघून पहिला प्रश्न, "मामा, वाफेच्या इंजिनामागे लाल एलएचबी डबे? हे कोणत्या साली झालं?"

"मागच्या दिवाळीत," मी म्हटलं. "इथेच, माडीवर."

पोरगं हुशार आहे, मोबाईलवर सगळं पाठ. वाफेची डब्ल्यूपी इंजिनं १९४७ पासून आली, एलएचबी, म्हणजे हल्लीच्या एक्स्प्रेसचे डबे, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. मग त्याला विजेचं इंजिन दिसलं. तारेतून वीज घेणारा टपावरचा पेंटोग्राफ वर आणि डोक्यावर तारच नाही! तार मी लावलेलीच नाही, झाडताना हात अडकतो. आणि या इंजिनाला वीज मिळते ती रुळांतून, १२ व्होल्ट. पेंटोग्राफ नुसता शोभेचा.

तो झोपल्यावर मी जरा आकडेमोड करत बसलो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. एचओ हे माझ्या मॉडेलचं माप, ८७ पटींनी लहान, म्हणजे रुळांतलं अंतर १९ मिलिमीटरच्या थोडं वर हवं. बाजारात मिळतो तो एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेला. म्हणजे भारतीय गाडी एचओ रुळावर ठेवली की ती तिथेच चुकली, इंजिनाचं साल बघायची वेळच येत नाही. इंग्रज मंडळींचंही तसंच. त्यांचं ओओ माप ७६ पटींचं, पण रूळ तोच १६.५ चा. कित्येक दशकं ते त्यावर खुशाल गाड्या पळवतायत.

वळणांचं तर बोलूच नये. ब्रॉडगेजचं खरं वळण कितीही आवळलं तरी त्याची त्रिज्या १७५ मीटर, एचओत दोन मीटर. माझ्याकडे प्लायवूडचा एक आठ बाय चारचा तुकडा. त्यावर ४५ सेंटिमीटरचं वळण बसतं, म्हणजे खऱ्या हिशोबाने ३९ मीटर. अशा वळणावर खरी एक्स्प्रेस कपाशीच्या शेतातच जाईल. चोवीस डब्यांची गाडी साडेसहा मीटर लांब झाली असती, म्हणून माझी पाचांवर थांबते. आणि चाळीसगाव ते पाचोरा मापात टाकायचं तर अर्धा किलोमीटर रूळ हवा. शेजाऱ्यांच्या माडीवरून न्यावा लागेल.

गंमत अशी की मी काहीही न करता एक गोष्ट बरोबर बसली आहे. पाचोरा–जामनेर ही छोटी रेल्वे, आपली पीजे, ७६२ मिलिमीटरची. ८७ ने भागलं की पावणेनऊच्या आसपास, आणि एन या एचओहून लहान मापाचा रूळ ९ मिलिमीटरचा! २०२० पासून खरी पीजे बंद. माझी चालू आहे, पण ती शेंदुर्णी-पहूरला न जाता डोंगर चढून पाटणादेवीला जाते. तिकडे कधीच रूळ नव्हते. पण लहानपणी जत्रेला जाताना मला नेहमी वाटायचं की या घाटातून एक छोटी गाडी हवी होती. आता आहे.

याचा अर्थ मी काहीही चालवून घेतो असं नाही. माती काळीच हवी, आणि ती आपल्याच शेतातली, वस्त्रगाळ करून. रंगाच्या डबीतला 'ब्राऊन' मला चालत नाही. वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं बाभळीसारखीच दिसली पाहिजेत. केळीचं पान फाटकं हवं, इकडच्या वाऱ्यात अख्खं पान राहतं कुठे? हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इथे हट्ट. इंजिनाच्या रिबिटी ज्याला मोजायच्या त्याने मोजाव्यात. काहींना त्यातच खरा आनंद मिळतो, आणि त्यांचं काम बघून माझाही जीव हरखतो. फक्त त्यांनी माझ्या माडीवर तपासणीला येऊ नये.

कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलन नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा काल्पनिक डोंगरी रेल्वेमार्ग या छंदात अजून नावाजला जातो. १९७३ साली तो वारला, आणि लगेच आगीत मांडणीही गेली. त्याच्या यार्डात डबे ढकलायला इंजिनाच्या जोडीला एक स्टेगोसॉरस होता. डायनासोर! भाच्याला सकाळी सांगायचं आहे.

संध्याकाळी गल्लीतले आबा आले होते. भुसावळला ड्रायव्हर होते, जन्म इंजिनात गेला. मला वाटलं, आता हेही डब्यांवरून बोलणार. त्यांनी डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नॉब फिरवला, गाडी हिसका देऊन सुटली आणि आबा कडाडले, "झटका का बर देस रे? मांगे माणसं बठेल शेतस!" मग कंट्रोलर स्वतःकडे घेऊन अशी अलगद सोडली की मालडबा हलला तरी वर ठेवलेले केळीचे घड जागचे हलले नाहीत. फाट्यावर पीजेला थांबवून केळीची गाडी आधी काढली. म्हणे, केळी थांबत नाहीत, पिकतात. पाटणादेवीचे प्रवासी तोवर बसून राहिले.

उद्या त्यांना वेळापत्रक हवंय, लेखी. भाच्याकडून लिहून घेतो, त्याला सालं-तारखांची आवड आहेच.