पूर्ण रेस देऊनही ४५००

लिव्हर शेवटपर्यंत पुढे ढकललेला, इंजिनाचा आवाज खणखणीत, आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ४५०० वर रुसून बसलेला. माझ्या बोटीला मागे बाहेरून लावलेलं साठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, आहे. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ५००० ते ६००० च्या दरम्यान हवा, असं त्याच्या पुस्तिकेत छापलंय. दोन वर्षं ते बिनतक्रार ५७०० गाठत होतं आणि जीपीएसवर ताशी ५४ किलोमीटर दिसत होते. आता ४२. गंमत म्हणजे बाकी सगळं ठीक. सुरू व्हायला झटपट, न्यूट्रलला शांत, अर्ध्या रेसला तर काही बिघडलंय असं वाटूच नये.

पहिली गोष्ट मी काय केली, तर बोटीला पाण्यात ढकलणारा नवा पंखा आणला. पिच, म्हणजे पंखा एका फेरीत न घसरता जेवढा पुढे जाईल ते अंतर, एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. जुना पंखा १३ पिचचा होता, ११ चा बसवला. काटा ४७०० वर गेला आणि मी खूश! मग जीपीएसकडे नजर गेली. ३७. म्हणजे इंजिन जास्त फिरतंय आणि बोट आणखी हळू पळतेय. ज्या पंख्यावर दोन वर्षं ५७०० मिळाले, तो अचानक इंजिनाला जड कसा होईल, हा साधा प्रश्न मला पैसे मोजून झाल्यावर सुचला.

मग जुना पंखा परत चढवला आणि कागद-पेन घेऊन बसलो, जे आधीच करायला हवं होतं. माझ्या इंजिनाचा गिअर रेशो १.८३. आरपीएमला त्याने भागलं की पंख्याच्या फेऱ्या मिळतात आणि पंखा जराही न घसरता प्रत्येक फेरीला १३ इंच पुढे जातो असं धरलं की कागदावरचा वेग निघतो. ५७०० ला तो ताशी सुमारे ६२ किलोमीटर येतो, प्रत्यक्षात मिळत होते ५४. ४५०० ला येतो सुमारे ४९, मिळत होते ४२. दोन्हीकडे घसरण तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास. पंख्याला दांड्याशी धरून ठेवणारं आतलं रबर सुटलं असतं, तर काटा वर पळाला असता आणि बोट मागे राहिली असती. तसं नव्हतं. काटाही खोटं बोलत नव्हता, कारण वेगही त्याच प्रमाणात उतरला होता. थोडक्यात, पंखा निर्दोष. इंजिनाचीच ताकद कमी पडत होती.

त्यानंतर थ्रॉटलची केबल. इंजिन बंद, किल्ली खिशात, वरचं झाकण काढलेलं. भावाने मागे पंखा हाताने हळूहळू फिरवत ठेवला, म्हणजे गिअर नीट बसतो, आणि मी लिव्हर पूर्ण पुढे नेला. थ्रॉटलचा दांडा शेवटच्या अडसराला टेकायला हवा. दोन-तीन मिलिमीटर राहत होते. केबल तेवढी जुळवून घेतली. सापडलं, असं वाटून पाण्यात गेलो. ४५०० चे झाले ४५५०.

खरा धागा भावाने पकडला. तो म्हणाला, "दादा, तू बोट चालव, मी नुसता काट्याकडे बघतो." इतके दिवस मी रेस देताना समोर पाण्याकडे बघायचो आणि बोट स्थिरावली की मग काट्याकडे. त्याला दिसलं ते वेगळंच. काटा आधी ५४०० च्या वर जात होता, पंधरा-वीस सेकंद तिथे टिकत होता आणि मग हळूच खाली येऊन ४५०० वर बसत होता. मी बघायचो तोवर तमाशा संपलेला असायचा!

हे कळल्यावर बाकीचं सोपं झालं. इंजिनावर पेट्रोलची एक छोटी टाकी असते. तिच्यात भरलेलं असेपर्यंत इंजिन पूर्ण जोरात चालतं, मग मागून येणारं पेट्रोल कमी पडलं की ताकद उतरते. अर्ध्या रेसला पेट्रोल थोडंच लागतं, त्यामुळे तिथे काहीच जाणवत नाही. ओळखीच्या मेकॅनिकला सांगितलं, तर तो आधी चिडलाच. पेट्रोल कमी पडत असताना पुन्हापुन्हा पूर्ण रेस देऊन बघू नका, हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण जळलं की पिस्टन तापून खराब होतो, म्हणाला. मी तोवर दहा-बारा वेळा तेच केलं होतं.

त्याच्या सांगण्यावरून सुटी टाकी, तिच्या स्वतःच्या पाइपासकट, थेट इंजिनाला जोडली. एकच फेरी. ५६००, आणि मिनिटभर काटा हलला नाही. इंजिन निर्दोष सुटलं! दोष बोटीच्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत कुठेतरी होता.

मूळची जोडणी परत लावून शेवटची एक फेरी मारली, या वेळी भाऊ पाइपातल्या रबरी फुग्याकडे, म्हणजे ज्याने आपण सुरुवातीला हाताने पेट्रोल चढवतो त्याच्याकडे बघत होता. पूर्ण रेसला फुगा शोषला जाऊन चपटा झाला. म्हणजे इंजिन ओढतंय, पण फुग्याच्या मागून पेट्रोल येत नाहीये. अडथळा टाकी आणि फुगा यांच्यामध्ये. टाकीत हवा जायची वाट बंद असेल म्हणून झाकण सैल केलं, फरक नाही. फिल्टर काढला, त्यात चमचाभर पाणी निघालं. नवा टाकला, तरी फरक नाही. टाकीच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत गोळी आणि स्प्रिंग. पाइप फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीत वाहू नये यासाठी तो असतो. काही लोक वैतागून तो काढूनच टाकतात, तो वेडेपणा मी केला नाही. उघडला, स्वच्छ होता.

उरला पाइप. बाहेरून अगदी धडधाकट, ना चीर, ना गळती. वाकवून पाहिला, दाबून पाहिला. शेवटी काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतलं पातळ अस्तर हातभर लांबीत रबरापासून सुटलं होतं आणि एके ठिकाणी ओल्या कागदासारखं आत लोंबत होतं. बोटाने ढकललं की बाजूला होई, सोडलं की पुन्हा मधे येई. हळू प्रवाहात ते भिंतीला चिकटून राहत असणार, जोराने ओढलं की दार बंद. पाइपावर छापलेलं वर्ष पाहिलं, तर तो इंजिनापेक्षाही जुना निघाला. मागच्या मालकाने इंजिन बदललं, पाइप तोच ठेवला.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल असा, तेवढ्याच आतल्या व्यासाचा नवा पाइप बसवला, क्लिपा नव्या लावल्या, फुगा दाबून कुठे ओल येतेय का ते हाताचं बोट फिरवून पाहिलं आणि मगच इंजिन सुरू केलं. काटा ५६०० ला गेला आणि तिथेच राहिला. आधीचे ५७०० अजून येत नाहीत. बोटीच्या तळाला शेवाळ धरलंय, ते खरवडायचं बाकी आहे. ११ पिचचा पंखा सुटा म्हणून पेटीत ठेवलाय. माणसं आणि सामान जास्त असलं की तो लावून बघणार आहे.