दहा मिनिटं मागे

आमच्या डोंबिवलीच्या घरात भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. लोकल चुकू नये म्हणून बाबांनी ते मुद्दाम तसं लावलं होतं. ते पुढे आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा आणि शेवटी धावतपळतच स्टेशन गाठायचा. पण त्या घड्याळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

हे आठवलं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये. दादा तिथे बारा वर्षं राहतोय. "एक वाजता कॉर्न स्ट्रीटवर एक्स्चेंजच्या घड्याळाखाली थांब, मागच्या सेंट निकोलस मार्केटात जेवू," असं त्याचं फर्मान होतं. एक्स्चेंज म्हणजे व्यापाऱ्यांची जुनी इमारत. सवयीप्रमाणे मी दहा मिनिटं आधी हजर. वर बघतो तर घड्याळाला मिनिटकाटे दोन, एक लाल आणि एक काळा. लाल ग्रीनिचची, म्हणजे लंडनची वेळ दाखवतो, काळा ब्रिस्टलची. हे गाव लंडनच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य इथे दहा मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. १८४१ मध्ये लंडनपासून इथवरचा लोहमार्ग पुरा झाला आणि गाड्या लंडनच्या वेळेने धावू लागल्या. गाव आपलं सूर्याच्याच वेळेने चाललेलं. शेवटी १८५२ मध्ये त्यांनी ग्रीनिचची वेळ मान्य केली, पण घड्याळावर काळा काटा आहेच. तो अजून फिरतोय.

मुंबईकराने याला हसू नये. देशाची एक वेळ १९०६ मध्ये ठरली, तरी आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होता, आणि तोही चांगला एकोणचाळीस मिनिटं मागे!

तसं ब्रिस्टलचं खरं घड्याळ पाण्याचं. सकाळी एव्हन नदीच्या काठाने चाललो होतो, तेव्हा ओहोटी होती. नदी कसली, दोन्हीकडे तुकतुकीत तपकिरी गाळाचे उतार आणि मधून रेंगाळणारा एक ओहोळ. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती म्हटली की पेपरात बातमी येते. इथे नदीच्या मुखाशी मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरहून जास्त चढतं-उतरतं, म्हणजे चार मजली चाळ बुडेल एवढं. गावातल्या धक्क्याला लागलेली जहाजं पूर्वी ओहोटीला चिखलात बसायची, कलंडायची. म्हणून जहाज भक्कम हवं आणि माल करकचून बांधलेला हवा. नीटनेटक्या कामाला 'ब्रिस्टल पद्धत' म्हणायची इंग्रजी रीत या चिखलातूनच आली, असं सांगतात. १८०९ मध्ये दरवाजे घालून बंदरातलं पाणी कोंडलं, तेव्हापासून तिथे ना भरती ना ओहोटी. आता त्या पाण्याकाठी लोक निवांत कॉफी पितात.

उशीर मात्र गावाच्या अंगात मुरलेला. दरीवरचा क्लिफ्टनचा झुलता पूल ब्रुनेल नावाच्या इंजिनियरने आखला १८३० च्या सुमारास, खुला झाला १८६४ मध्ये. तो बघायला ब्रुनेल नव्हता, पाच वर्षांपूर्वीच गेला होता. त्याचंच लोखंडी जहाज, 'ग्रेट ब्रिटन', १९ जुलै १८४३ ला इथल्या गोदीतून पाण्यात उतरलं. जगभर फिरून, फॉकलंड बेटांपाशी वर्षानुवर्षं गंजत पडून, ते त्याच गोदीत परत आलं १९ जुलै १९७० ला. वर्षं चुकली असतील, तारीख नाही चुकली.

घड्याळाखाली फुटपाथवर कमरेएवढे चार ब्रॉन्झचे खांब आहेत. वर ताटासारखा सपाट भाग आणि त्याला उचललेली कड, नाणी घरंगळू नयेत म्हणून. व्यापारी यावर पैसे मोजून सौदे पुरे करायचे. एकावर १६३१ साल आहे. मी एक रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं, कडेला लागून थांबलं. नंतर जरा ओशाळलो. या गावाची श्रीमंती पुढे गुलामांच्या व्यापारावर पोसली गेली. इथल्या जहाजांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं समुद्रापार नेली. त्या धंद्यातल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा गावाने उभारला १८९५ मध्ये, तो मेल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. ७ जून २०२० ला लोकांनी तो ओढून पाडला, गडगडत नेला आणि बंदराच्या पाण्यात लोटला. चार दिवसांनी पालिकेने बाहेर काढला. आता तो धक्क्यावरच्या म्युझियममध्ये आहे, लोकांनी अंगावर फासलेल्या रंगासकट, आडवा.

लाल काटा बारावर गेला, एकवर गेला. नोव्हेंबरचा वारा कानात शिरत होता. एक वाजून दहा मिनिटांनी दादा कोपऱ्यावरून सावकाश येताना दिसला.

"किती वेळ? गोठलो मी इथे!"

त्याने शांतपणे वर बोट केलं. काळ्या काट्याकडे.

"बरोबर एक वाजलाय."




"बाबांना फोन लावू?" मी म्हटलं. तो लगेच मार्केटच्या दाराकडे वळला.