तिसरा सर्व्हर लावला आणि साइट बसली

दोन सर्व्हरवर साइट धापा टाकत होती, पण चालत होती. लोक वाढले म्हणून मी तिसरा लावला. पाच मिनिटांत पानं उघडेनाशी झाली आणि तिन्ही सर्व्हरचे सीपीयू मात्र निवांत. पोटात गोळाच आला. मशीन दमलं असेल तर निदान उपाय तरी सुचतो.

लॉग म्हणत होता, डेटाबेसमध्ये कनेक्शनला जागा नाही. मग आधीच करायला हवा होता तो हिशेब बोटांवर केला. एका सर्व्हरवर ८ वर्कर (साइटच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), प्रत्येकाचा पूल, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेली कनेक्शनं, ५ चा, म्हणजे ४०. दोघांचे ८०, तिघांचे १२०. पोस्टग्रेसची, म्हणजे आमच्या डेटाबेसची, कनेक्शनची मर्यादा, कोणी हात लावला नसेल तर, १००. त्यातली ३ सुपरयूजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी) राखीव, म्हणून मी तरी आत शिरलो.

मर्यादा ३०० करून डेटाबेस रीस्टार्ट केला. साइट उठली, संध्याकाळी पुन्हा रांगायला लागली. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं. मला वाटलं, शंभरावर क्वेरी सीपीयूच्या ४ कोअरवर तुटून पडल्या तर कोणाचंच धड होत नाही.

शेवटी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (कुठलं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) उघडून नीट बघितलं. बहुतेक कनेक्शनं तर नुसती बसून होती, आणि बरीचशी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे डेटाबेसमधला व्यवहार अर्धवट उघडा ठेवून रिकामी. नोंदणीच्या कोडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून आपण ईमेल पाठवायला जात होतो. ईमेलवाल्याचं उत्तर येईपर्यंत कनेक्शन अडकलेलं. हा कोड लिहिणारा मीच. ईमेल क्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकला, डेटाबेसच्या पुढे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा मध्यस्थ) बसवला, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला, मागे फक्त २० कनेक्शनं. २०! तेवढ्यात सगळं भागलं. मर्यादा परत १०० वर आणली.

फुकट मात्र काही मिळत नाही. रात्रीचा रिपोर्ट दोनदा चालू नये म्हणून आम्ही सेशनवर अ‍ॅडव्हायझरी लॉक घेत होतो, म्हणजे ज्या कनेक्शनवर लावलं तिथूनच सोडावं लागणारं, ‘काम चालू आहे’ सांगणारं कुलूप. आता लॉक एका कनेक्शनवर लागायचा आणि सोडायचा हुकूम दुसऱ्याच कनेक्शनवर जायचा. त्या बिचाऱ्या जॉबला वाटायचं, कालचा रिपोर्ट अजून चालूच आहे, आणि तो गुपचूप निघून जायचा. एररही नाही. तीन रात्री रिपोर्ट बनलाच नाही, तेव्हा कोणीतरी विचारलं. तो जॉब आता बाउन्सरला वळसा घालून थेट डेटाबेसशी बोलतो.